टाळीचा डाव

छप्पन साली कुरखेड्याकडच्या एका खेड्यातल्या शाळेत मी वाघ-बकरी शिकवत होतो, तेही गणिताच्या तासाला, अगदी राजरोस. सारवलेल्या जमिनीवर खडूने आखलेला पट, दोन खडे म्हणजे वाघ, चिंचोके म्हणजे बकऱ्या. वाघाने उडी मारून बकरी खायची, बकऱ्यांनी वाघाला कोंडायचं. माझा नियम एकच: मध्येच टाळी वाजली की बाजू बदलायची. टाळी कधी वाजेल ते ठाऊक नसल्यामुळे पोरं दोन्हीकडून विचार करायला लागली होती आणि मी स्वतःवर भलताच खूश होतो.

एक दिवस कमळाचे वडील, मुखरू, धानाच्या बांधीतून थेट वर्गात आले, चिखलाच्या पायांनी.

"गुरुजी, पोट्टीले खेळाले धाडलो काय मी शाळेत? खेळाचंच हाये तं घरच्या बकऱ्या राखत खेळन. उद्यापासून येनार नाई ते."

कमळाचं तोंड एवढंसं झालं. वर्गातली सर्वांत चौकस मुलगी, आणि ही बकऱ्या राखणार! मला असा संताप आला की शहाणपण सुचायच्या आत बोलून बसलो, "आज संध्याकाळी तिला हरवून दाखवा. हरली तर न्या खुशाल."

मुखरू पोट धरून हसले. हसणारच, पंचक्रोशीत त्यांच्या वाघाला तोड नव्हती. मोठ्याने वाघ घ्यायचा, लहानाने बकऱ्या, ही गावची रीत. त्यामुळे मिसरूड फुटल्यापासून त्यांनी बकरीला हात लावला नव्हता. टाळीचा नियम सांगितला तर म्हणाले, "वाजवा ना! तवापर्यंत बकऱ्या उरल्या पायजे."

माझ्यावर मात्र त्यांचा भरवसा नव्हता. टाळीचं काम त्यांनी आपल्या जिवलग सोमाजींना दिलं.

संध्याकाळी अख्खं गाव शाळेच्या ओट्यावर जमलं. मुखरूंनी एक बकरी खाल्ली, मग आणखी एक. पुढच्या दोन तर कमळाने अशा उघड्यावर सोडल्या की मी मनातल्या मनात ओरडलो. अगं ए, काय करतेस! मुखरूंनी एक उडी मारली आणि लगेच दुसरी. एका दमात दोन्ही फस्त!

"वा रे माह्या वाघा!" सोमाजी ओरडले आणि त्यांनी कडाडून टाळी वाजवली.

पोरं किंचाळली, "बदला! बदला!"

"अबे सोमाजी, टाळी काऊन वाजवली?"

"असी शिकार पाहून हात राह्यते काय रे?"

कमळाने तोवर वाघ आपल्याकडे ओढले होते. "बाबा, तुमी एकदम दोन खाल्ल्या का सोमाजीकाका टाळी वाजवतेच. मी नेहमी पाहून राह्यली ना."

मुखरूंनी उरलेल्या बकऱ्या मोजल्या. "एवढ्याच? बाकीच्या कोनं खाल्ल्या?"

"तुमीच!"

ओटा हसून लोळायला लागला. कमळाच्या आईला, रुखमाबाईला, तर तोंडात पदर कोंबूनही हसू आवरेना. मुखरूंनी बकऱ्या इकडे सरकवल्या, तिकडे सरकवल्या, कपाळाला हात लावला, सोमाजींना शिव्या दिल्या. कमळाने एकेक करत सगळ्या खाल्ल्या. मी मास्तर आहे हे विसरून मी चक्क नाचलो.

मुखरूंनी चिंचोके गोळा करून धोतराच्या सोग्यात बांधले आणि उठता उठता म्हणाले,

"कमळे, उद्या शाळा सुटली का सीधी घरी ये. बकऱ्या कशा चालवाच्या, मले शिकव."