मी पुसलेला तिसरा अंक

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. आजवर तोंड उघडलं ते दुसऱ्यांचं सांगायला. स्वतःचं म्हणून आज पहिल्यांदाच बोलतोय, आणि तेही आतला रबरी पट्टा तुटून मुका झाल्यावर. दैव असं असतं.

माझा जन्म कारखान्यातला. एका लांबलचक टेबलावर दहा बायकांनी मला जोडलं. शेवटचीने झाकण लावून पाठीवर थाप मारली आणि खोक्यात घातलं. मला चार काळी बटणं, एक लाल. लाल बटण दाबलं की मी ऐकतो. माझी एक गोष्ट मात्र लोकांना ठाऊक नसते. मला दोन डोकी आहेत. फीत आधी पहिल्या डोक्याखालून जाते, ते जुनं पुसतं. मग दुसऱ्याखालून जाते, ते नवं लिहितं. नवं ऐकायचं तर जुनं पुसल्याशिवाय मला गत्यंतरच नाही.

माझी पहिली दोन वर्षं एका भाषावर्गात गेली. 'हे पुस्तक आहे, ते टेबल आहे' घोकून घोकून माझा जीव मेटाकुटीला आला होता. तो वर्ग बंद पडला आणि तिथे शिकायला येणाऱ्या एका नटाने मला काखेत मारून आपल्या मंडळींत नेलं. त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा, म्हणून सगळे त्याला खर्ज म्हणायचे.

ही मंडळी म्हणजे नाटकं लिहिणारे, नाटकांत कामं करणारे आणि पडद्यासाठी पटकथा लिहिणारे असे दहा-बारा जण. एका छापखान्याच्या माडीवर दर रविवारी सकाळी त्यांची बैठक असे. खाली यंत्रं बंद, पण शाईचा वास जिन्यावरून वर यायचा. एकाने नवं काही वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. नियम एकच: ज्याचं लिखाण वाचलं त्याने सगळ्यांचं बोलून होईपर्यंत गप्प बसायचं. भल्याभल्यांना ते जमत नसे.

पण बैठक नुसत्या वाचनाची नव्हती. एकाला काम मिळालं की तो दुसऱ्याचं नाव पुढे करायचा. कुणी आजारी पडलं तर त्याची भूमिका दुसरा करायचा आणि बरा झाल्यावर परत द्यायचा. नाटकवाल्यांत ही गोष्ट सोपी नाही, टाळ्यांची चटक वाईट. तरी हे लोक परत द्यायचे.

त्यांतल्या तिघांची ही हकिकत आहे.

पहिले मास्तर. शाळेत गणित शिकवत आणि नाटकं लिहीत. स्वतःच्या लिखाणावर इतकी कात्री चालवत की त्यांची बायको म्हणायची, "ह्यांचं नाटक चार अंकी सुरू होतं आणि पोस्टकार्डावर संपतं." मास्तरीणबाईंची जीभ मास्तरांपेक्षा तिखट होती.

दुसऱ्या मावशी. तीस वर्षं रंगभूमीवर काढलेल्या. त्या भाचीकडे राहत. तिचं बघून सगळेच त्यांना मावशी म्हणू लागले.

तिसरा पटकथाकार. मालिका लिहायचा, बोटं भराभर चालायची, मन त्याहून मोठं. फक्त प्रत्येक गोष्ट उद्यावर ढकलायची खोड. म्हणून त्याचं नाव पडलं उद्याबुवा.

मावशींची नजर गेली आणि माझं नशीब उघडलं. आधी अक्षरं पुसट झाली, मग ओळी, मग कागदच. निर्माता म्हणाला, "बाईंना आता विश्रांती द्यावी." मास्तरांच्या नाटकातली सासू दुसऱ्या कुणाला द्यायचं ठरत होतं. त्या रविवारी मास्तर एवढंच म्हणाले, "सासू मावशीच करतील. कशी करतील ते आपण बघायचं."

मग सगळ्यांनी मिळून अख्खं नाटक माझ्यात भरलं. सुनेचं काम करणारी बाई त्या दिवशी आली नव्हती, म्हणून सुनेचे संवाद खर्जाने म्हटले. "सासूबाई, चहा ठेवू का?" हे तो असं म्हणे की जणू दरोडा घालायला आलाय. मावशी स्वयंपाकघरात भाजी निवडत ते ऐकायच्या आणि हसून हसून त्यांच्या हातातून शेंगा गळायच्या. पण पंधरा दिवसांत अख्खं नाटक तोंडपाठ झालं. रंगमंचावर खुर्च्यांच्या जागा ठरवून दिल्या. मुलगा झालेला नट बोलता बोलता त्यांचा कोपर धरायचा. प्रेक्षकांना वाटायचं, काय मायेचा मुलगा आहे! नाटकाचे नव्वद प्रयोग झाले आणि सासूला दिसत नाही हे एकालाही कळलं नाही.

मला वाटतं, माझ्या आयुष्यातले तेच चांगले दिवस.

पुढच्या वर्षी मास्तरांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा मात्र शाबूत राहिली. डोक्यात नवं नाटक तयार होतं: बावीस वर्षांनी घरी परत आलेल्या बाईचं. ती परत का आली, हे तिसऱ्या अंकात कळणार होतं. उद्याबुवा मला कापडी पिशवीत घालून त्यांच्याकडे घेऊन गेला.

"मास्तर, तुम्ही बोला. मी ऐकून लिहून काढतो."

"कधी काढशील? उद्या?"

"नाही हो, ह्या आठवड्यातच."

पहिले दोन अंक त्याने समोर बसून भरून घेतले आणि लगेच लिहूनही काढले. तिसऱ्याच्या वेळी मास्तर म्हणाले, "हा मला एकट्याला सांगू दे. लाज वाटते." त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं. डाव्या हाताने लाल बटण दाबलं. तीन दिवस रोज सकाळी ते माझ्याशी बोलले. त्या खोलीत आम्ही दोघंच. मास्तरीणबाई स्वयंपाकघरात, उद्याबुवा चित्रीकरणाला.

ती कॅसेट मग सहा आठवडे माझ्या पोटात राहिली. उद्याबुवाची मालिका जोरात चालली होती. तो दर रविवारी म्हणे, "पुढच्या आठवड्यात नक्की." कॅसेटवर त्याने नाव घातलं नव्हतं. कॅसेटच्या पाठच्या कडेला प्लास्टिकची एक बारीक टिकली असते. ती मोडली की माझं लाल बटण खाली जातच नाही, आतलं सुरक्षित राहतं. नखाने मोडता येते. तेही त्याला ठाऊक होतं. तेही राहिलं.

आणि ज्या दिवशी घात झाला त्या दिवशी तो एक चांगलंच काम करत होता. त्याने आपल्या मालिकेत मावशींसाठी मुद्दाम दोन प्रसंग लिहिले होते. दुपारी धावतपळत आला, मला त्यांच्या ओट्यावर ठेवलं, कागद भाचीच्या हातात दिले.

"मावशी, उद्या सकाळी चित्रीकरण. हिच्याकडून वाचून घ्या, टेपवर भरा. मी पळतो."

"अरे, पाणी तरी पी!"

तो जिन्यापर्यंत पोहोचलासुद्धा.

मावशींनी माझं झाकण उघडून कॅसेट चाचपली. त्यांच्या स्वतःच्या कॅसेटला दोऱ्याची गाठ असे. हिला नव्हती. "कोरी घालून दिलीय वाटतं पोराने," त्या म्हणाल्या, आणि फीत पहिल्यापासून लावून लाल बटण दाबलं.

मला ओरडता येत असतं तर मी ओरडलो असतो. भाची वाचत होती, "आजी, तुम्ही इथे कशा?" आणि पहिल्या डोक्याखालून मास्तर जात होते. वाक्यामागून वाक्य. तुम्ही म्हणाल, तू ऐकलं होतंस ना, मग सांग काय होतं. लाल बटण दाबून ऐकलेलं माझ्या लक्षात राहत नाही हो. ते राहतं फक्त फितीवर.

भाचीचं वाचन संपलं, पण लाल बटण सोडवायचं दोघी विसरल्या; फीत आणखी कितीतरी वेळ पुसत पुढे गेली. संध्याकाळी मावशी पाठांतराला बसल्या. प्रसंग संपले, तरी त्यांनी मला चालूच ठेवलं. बराच वेळ खरखर झाली आणि एकदम मास्तरांचा आवाज आला: "...दार उघडंच असू द्या. बंद दाराची मला सवय राहिली नाही. पडदा."

मावशींचा हात माझ्यावर होता. त्यांनी फीत मागे घेतली, पुन्हा ऐकली. पुन्हा घेतली. मग मला बंद केलं. भाचीने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "डोकं दुखतंय गं."

दोन दिवसांनी उद्याबुवा मला न्यायला आला. मावशी दारापर्यंत आल्या. "अरे, ऐक..." म्हणाल्या.

"बोला ना."

"काही नाही. रविवारी बैठकीत बोलू."

त्या रविवारी खर्जाच्या मुलीचं लग्न निघालं, बैठक झाली नाही. मी उद्याबुवाच्या कपाटावर पडून होतो. आणि त्यानंतर दोन दिवसांनी मास्तरांना दुसरा झटका आला. ह्या वेळी वाचा गेली.

उद्याबुवाने मला खाली काढलं ते त्यानंतर. आधी भाचीचा आवाज, मग खरखर, मग ती शेवटची तीन वाक्यं. त्याने डोकं टेबलावर टेकलं ते किती वेळ उचललंच नाही. कुणी पुसलं हे त्याला कळलं होतं. कुणामुळे पुसलं गेलं तेही.

त्याने मग तिसरा अंक स्वतः लिहिला. त्या तीन वाक्यांकडे चालत जाईल असा. आयुष्यात पहिल्यांदा त्याने काही उद्यावर टाकलं नाही.

मास्तरांच्या बिछान्याभोवती वाचन ठरलं. पहिले दोन अंक माझ्यातून, मास्तरांच्याच आवाजात ऐकवले. तिसऱ्यासाठी उद्याबुवाने कागद काढले.

"तिसराही टेपवरच लाव की रे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "ह्यांचा आवाज ऐकते तेवढाच."

"फीत गुंतली, वहिनी. पण मी आधीच लिहून काढलं होतं. नशीब."

मावशी कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

उद्याबुवा वाचत राहिला आणि मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. पहिल्या पानालाच त्यांना कळलं असणार; स्वतःचं लेकरू माणूस ओळखतोच. वाचून झालं. मास्तरांनी डावा हात पुढे केला, कागद मागितले, पेन मागितलं. एक पान शोधलं. एका लांबलचक वाक्यावर वेडीवाकडी रेघ ओढली आणि कागद परत दिले.

"घ्या!" मास्तरीणबाई रडता रडता हसल्या. "वाचा गेली, पण कात्री गेली नाही."

सगळे हसले. उद्याबुवा उठून गॅलरीत गेला आणि ओक्साबोक्शी रडला. इतरांना वाटलं, मास्तरांसाठी रडतोय.

मास्तर दोन महिन्यांनी गेले. नाटक रंगमंचावर आलं, परत आलेली बाई मावशींनीच केली. लोक म्हणाले, मास्तरांचा सर्वांत चांगला अंक तिसरा. उद्याबुवा प्रयोगाला येऊन मागच्या रांगेत बसायचा आणि टाळ्या सुरू झाल्या की निघून जायचा.

बैठकीला तो आधी उशिरा येऊ लागला, मग येईनासा झाला. मावशींकडे तर पाऊलच नाही. त्याला वाटत असावं, समोर गेलो तर तोंडून खरं निघेल आणि म्हातारीचा जीव तुटेल. मावशींना वाटायचं, त्याने मनात राग धरलाय. मी दोघांकडे राहिलोय, मला दोन्ही बाजू ठाऊक. भांडण झालं असतं तर कुणीतरी मिटवलं असतं. इथे मिटवायला भांडणच नव्हतं. एकेक करून बाकीचेही गळाले, आणि माडीवर आता छापखान्याचे कागद ठेवतात.

मला शेवटी खर्जाने मावशींकडे आणून सोडलं. कित्येक वर्षं मी त्यांच्या उशाशी होतो. गेल्या वर्षी एका दुपारी भाची बाहेर गेल्यावर त्यांनी ती बिननावाची कॅसेट लावली, मास्तरांचा शेवट जपून मागे ठेवला, आणि त्याच्यापुढच्या कोऱ्या जागेत बोलल्या. ते मी तुम्हाला सांगतो, कारण ते फितीवर आहे.

"अरे, मी बोलतेय. तिसरा अंक मी पुसला. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. मास्तर तेव्हा बोलत होते रे, अजून नऊ दिवस बोलत होते. मी सांगितलं असतं तर त्यांनी पुन्हा सांगितला असता. मला लाज वाटली. आंधळी झाले, आता हिच्या हातात काही देऊ नका म्हणाल, ह्याची भीती वाटली. म्हणून गप्प बसले. तू एवढं चांगलं लिहिलंस आणि त्यावर तुझं नाव नाही, तेही माझ्यामुळे. तू रागावला असशील तर रागव. पण येऊन रागव. मी घरीच असते."

मग त्यांनी भाचीला सांगितलं, "हा त्याला नेऊन दे. त्याने आतलं ऐकायला हवं."

भाचीने निघण्याआधी मी चालतो का ते बघायला बटण दाबलं. तेव्हाच माझा पट्टा तुटला. तिने मला वाटेतल्या दुरुस्तीच्या दुकानात दिलं. घरी मावशींनी विचारलं असेल, "दिलास का गं?" ती म्हणाली असेल, "दिला, दिला." दुकानदार म्हणाला होता, पट्टा मिळाला की कळवतो. पट्टा मिळत नाही. भाचीच्या मागे मुलं, नोकरी, संसार. विसरली. तिचा तरी काय दोष?

मी इथे वरच्या फळीवर आहे, दोन रेडिओ आणि एका इस्त्रीच्या मध्ये. समोरच्या टीव्हीवर उद्याबुवाच्या मालिका लागतात, म्हणजे तो आहे, लिहितोय. मावशीही आहेत, गेल्या महिन्यात भाची मिक्सर घेऊन आली होती, दुकानदाराला म्हणत होती, म्हातारी दाराची घंटा वाजली की दचकून विचारते, कोण आलं?

त्यांना वाटतंय, त्याने ऐकलं आणि तो आला नाही.

मला दुरुस्त नाही केलंत तरी चालेल, माझं वय झालं. पण माझं झाकण उघडा. आत एक कॅसेट आहे, तिच्यावर नाव नाही. ती काढून कुठल्याही चालत्या यंत्रात घाला आणि त्याला ऐकवा. लाल बटणाला मात्र हात लावू नका. आणि हे आजच करा.