तीनशे सत्तेचाळीस वेळा उल्लेख झालेला मी

मित्रांनो, मी आठ पानांचा एक शोधनिबंध आहे. वय वर्षं दहा. आमच्या जातीत एवढ्या वयाला बरेचजण विस्मरणात जातात. मी गेलो नाही. सांगायला लाज वाटते, पण मी प्रसिद्ध आहे.

माझं खरं नाव लांबलचक आणि इंग्रजी आहे. तळेगावच्या ज्या आरोग्य संशोधन संस्थेत मी जन्मलो, तिथे मला सगळे नुसतं 'मावळचा पेपर' म्हणतात. माझी आई म्हणा, लेखिका म्हणा, डॉ. मानसी गराडे. स्त्रियांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या, शिस्तीच्या बाई. पेन्सिलीला टोक काढल्याशिवाय त्या फोनवरसुद्धा बोलत नाहीत.

बारा वर्षांपूर्वी त्यांना एक साधा प्रश्न पडला. मावळातल्या बायकांची पाळी किती दिवसांनी येते? त्यांनी पवन मावळातली तीन गावं निवडली आणि एकशे अठरा बायका निवडल्या. महिनेही फार विचार करून निवडले. भाताची लावणी चालू असताना बाई घरी सापडत नाही, म्हणून लावणी आटोपल्यावर, ऑगस्ट ते ऑक्टोबर. चौसष्ट प्रश्नांचा फॉर्म होता. चुलीवर स्वयंपाक करता की गॅसवर, इथपासून घरात म्हशी किती, इथपर्यंत सगळं त्यात होतं. मूल होऊ नये म्हणून गोळ्या घेता का, हेही होतं. एकशे अठरा बायकांनी 'नाही' सांगितलं आणि ते अगदी खरं होतं.

मॅडमना घरोघर नेलं शालूबाईंनी. शालूबाई म्हणजे गावात कुणाला बाळंतकळा लागल्या तर डॉक्टरच्या आधी जिला हाक जाते ती बाई. त्या दार वाजवायच्या आणि म्हणायच्या, "अगं ये भायेर, डाक्टरीनबाई आल्यात. इचारतील त्येवढंच सांग, चुलतसासूचं गाऱ्हाणं नको."

बायकांनी विचारलं तेवढंच सांगितलं. माझं दुर्दैव तिथेच सुरू झालं.

हिशेब झाला तेव्हा सगळे चकित झाले. इतर ठिकाणी साधारण अठ्ठावीस-तीस दिवस, आणि मावळात अडतीस! शिवाय माझ्या दुसऱ्या तक्त्यात एक चमत्कार होता. एकशे अठरापैकी एकाहत्तर बायकांची पाळी ऑक्टोबरातल्या एकाच आठवड्यात आली होती. एखादा साधा माणूस इथे 'अरेच्चा' म्हणाला असता. मी साधा नव्हतो. मी त्याला 'सामूहिक जैविक समक्रमण' असं नाव दिलं आणि पुढच्या पानावर गेलो. कारणही दिलं. डोंगराळ उंची, दमट हवा आणि इंद्रायणी भात.

मग माझे चांगले दिवस आले. आमच्याकडे दुसऱ्या निबंधाने आपल्या शेवटच्या यादीत तुमचं नाव लिहिलं की त्याला उल्लेख म्हणतात, आणि उल्लेखांवर आमची पत ठरते. पहिल्या वर्षी माझे चार उल्लेख झाले. मग चाळीस. मग मी मोजणं सोडलं, कारण संस्थेने मोजायला एक माणूस ठेवला. मला आनंद व्हायला हवा होता. पण कोण कशासाठी माझं नाव घेतंय हे पाहिलं की मान खाली जायची. एका निबंधाने माझ्या आधारे शेळ्यांचं वेत लांबवलं. एकाने लिहिलं की पुलाच्या खांबांवरचा दमट हवेचा परिणाम मी सिद्ध केला आहे. परदेशातल्या एका कंपनीने इंद्रायणीच्या कण्या कॅप्सूलमध्ये भरून विकल्या, आणि डबीच्या मागे बारीक अक्षरात माझं नाव. त्यांतल्या किती जणांनी मला उघडलं होतं? मित्रांनो, पान उलटलं की कळतं हो आम्हाला. पहिल्या पानावरचा सारांश वाचून सगळे निघून जायचे. पाहुण्याने उंबऱ्यातूनच 'जेवण छान झालंय' म्हणावं आणि चालू लागावं, तसं.

यंदा माझे उल्लेख तीनशे सत्तेचाळीस झाले, आणि संस्थेने समारंभ ठरवला. दारात फ्लेक्स लागला. त्यावर मॅडमचा फोटो लहान, तीनशे सत्तेचाळीस हा आकडा मोठा आणि एका कोपऱ्यात भाताची ओंबी. मॅडमना विभागप्रमुख करायचं हेही त्याच दिवशी जाहीर होणार होतं. शालूबाईंना खास बोलावणं गेलं. त्या गावाहून दुपारीच आल्या आणि सोबत बहिणीची मुलगी अपेक्षा हिला घेऊन आल्या.

अपेक्षा चोवीस वर्षांची. पोलीस भरतीची तयारी करणारी. पण त्या दिवशी जिना चढून आली आणि खुर्ची धरून उभी राहिली.

"मॅडम, हिला जरा बघा," शालूबाई म्हणाल्या. "पूर्वी ही पळाया लागली की कुत्री मागं पडायची. आता बसल्या जागी पेंगतीया. केस गळत्यात. अंग सुजल्यागत झालंय."

"आणि पाळी?" मॅडमनी विचारलं.

"पन्नास दिवसांनी येते, कधी साठ," अपेक्षा म्हणाली. "दोन वर्षं झाली. दोन भरत्या गेल्या. आठशे मीटरला शेवटून पहिली आले."

"डॉक्टरांना दाखवलं नाहीस?"

"दाखवलं ना. दोनदा." तिने पिशवीतून फाइल काढली. वडगावच्या डॉक्टरांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं की मावळातल्या स्त्रियांमध्ये लांब पाळी नैसर्गिक असते, तपासणीची गरज नाही. पुढे कंसात, मित्रांनो, मी होतो. माझं नाव, माझं वर्ष, माझा पान क्रमांक.

त्या कंसात मला इतकं कोंडल्यासारखं झालं की काय सांगू.

मॅडम फाइलकडे बघत राहिल्या. "मी रक्त तपासायला पाठवते," एवढंच म्हणाल्या आणि सुई आणायला आत गेल्या. टेबलावर माझ्या प्रती पाहुण्यांसाठी रचून ठेवल्या होत्या. अपेक्षाने एक उचलली आणि वाचायला लागली. सारांश वाचला. मला वाटलं, आता ठेवेल. तिने पान उलटलं. अडलेला शब्द मोबाईलवर बघायचा, पुढे जायचं. दुसरं पान, तिसरं पान. दहा वर्षांत तिथपर्यंत कुणी आलं नव्हतं. मी आपला अंग चोरून पडलो होतो. चौथ्या पानावर तो तक्ता होता.

मॅडम परत आल्या तेव्हा तिचं बोट त्याच ओळीवर होतं.

"मॅडम, हा आठवडा म्हणजे त्या वर्षीचा दसरा झाल्यानंतरचा का?"

मॅडमनी मोबाईलवर जुनं कॅलेंडर काढून पाहिलं. "हो. का गं?"

"मग गोळ्यांचं कुठं लिहिलंय?"

"कसल्या गोळ्या?"

अपेक्षाने मावशीकडे पाहिलं. शालूबाईंनी पदर सावरला. "पाळी म्होरं ढकलायच्या वो. घरात गौरी बसणार, घट बसणार, मंग बायका घेत्यातच की. आमच्यात समद्याच घेत्यात. घट उठलं की बंद करायच्या, दोन-तीन दिसांनी येती पाळी. म्याच मेडिकलातनं आनून वाटल्या व्हत्या."

"शालूबाई, तुम्ही माझ्यासोबत तीन महिने फिरलात. बोलला का नाहीत?"

"तुमी चौसष्ट गोष्टी इचारल्या. म्हशीचं इचारलं. ह्ये इचारलं न्हाई. म्या म्हनलं, डाक्टरीनबाई हायेत, त्येंला ठावं असंल."

उंची, दमट हवा, इंद्रायणी भात, सामूहिक जैविक समक्रमण. माझी आठही पानं एका मेडिकलच्या पाकिटात मावली.

तेवढ्यात संस्थेचे संचालक हनुमंत काळोखे हातावर शाल टाकून आत आले. "चला मॅडम, पाहुणे आले."

"सर, पेपर चुकलाय."

"आज?"

"दहा वर्षांपासून."

काळोखे सरांनी घड्याळात पाहिलं. "मग अजून दोन तासांनी काय बिघडतंय? आधी सत्कार घ्या. सोमवारी आपण समिती नेमू. समिती दोन-तीन वर्षं सावकाश बघेल."

"तोवर हिच्यासारख्या अजून किती घरी पाठवायच्या?"

"अहो, नारळसुद्धा आणलाय."

मॅडमनी अपेक्षाच्या दंडाला पट्टा बांधला, रक्त घेतलं, कापूस लावला आणि मग सभागृहात गेल्या. मी पहिल्या रांगेत एका पाहुण्याच्या मांडीवर होतो, त्याच्या चहाचा कप माझ्यावर ठेवलेला. मॅडम म्हणाल्या, "हा निबंध मी मागे घेते आहे. बायकांनी खरं सांगितलं. मी अर्धंच विचारलं." मग गोळ्यांची सगळी गोष्ट सांगितली. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणालाच कळेना. काळोखे सर शाल घेऊन तसेच उभे. शेवटी एसीचा गारठा लागला म्हणून त्यांनीच ती पांघरली. विभागप्रमुखाचं नाव त्या दिवशी जाहीर झालं नाही. पुढे झालं ते दुसऱ्याचं.

आठवड्याने अपेक्षाचा अहवाल आला. थायरॉईड जवळजवळ झोपलेलं होतं. साधा आजार, साधी तपासणी, रोज सकाळी एक बारीकशी गोळी. दोन वर्षांपूर्वीच कळलं असतं, मी मध्ये आडवा पडलो नसतो तर.

मॅडम माझी शिक्का मारलेली प्रत घेऊन तालुक्यातले दवाखाने फिरल्या. पुन्हा शालूबाईच पुढे. "घ्या डाक्टर," त्या म्हणायच्या, "ह्यो कागुद खोटा हाय. निम्मी चूक माजी हाय." वडगावच्या डॉक्टरांनी मला हातात घेतलं, आणि पहिल्यांदाच चौथ्या पानापर्यंत वाचलं. मग त्यांनी कंपाउंडरकडून जुन्या पेशंटची वही मागवून घेतली आणि एकेकीला फोन लावायला बसले.

आता माझ्या प्रत्येक पानावर तिरक्या लाल अक्षरांत 'मागे घेतला' असं लिहिलं आहे. वाटलं होतं, आता तरी शांतता मिळेल. पण गेल्या सहा महिन्यांत माझे आणखी चौदा उल्लेख झाले. ज्यांनी पानं उलटली नाहीत, त्यांना लाल अक्षरं तरी कशी दिसणार?

अपेक्षा पहाटे पुन्हा पळते आहे. अजून दम लागतो, पण आता ती शेवटची नसते. भरतीची जाहिरात कधी निघेल ते तिला ठाऊक नाही, आणि वय काही तिच्यासाठी थांबत नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी डॉक्टर होईल, कुणी माझ्यासारखे निबंध लिहील. माझं नाव कुठे दिसलं तर आधी मला पूर्ण उघडा. आणि समोर एखादी मुलगी 'मला बरं वाटत नाही' म्हणत बसली असेल, तर मला मिटून बाजूला ठेवा आणि तिला विचारा. माझ्याकडे तीनशे एकसष्ट उल्लेख आहेत. ते सगळे देऊनही तिची दोन वर्षं मला परत आणता येत नाहीत.