कॅप्टनचे दोन शब्द

“काका, अजून पूर्ण गिळलेलं नाहीये तुम्हाला,” काचेपलीकडून डबिंग करून घेणारा अनिश हेडफोनमधून म्हणाला. “कमरेपर्यंतच गेलायत. वरचा अर्धा माणूस अजून ताजा आहे. तसं द्या.”

हेमचंद्र घाडीने मान डोलावली. फुलपात्रातलं पाणी तोंडात घेतलं, मान मागे टाकली आणि कमरेपर्यंत गिळलेल्या माणसासारखा ओरडला. पाण्यामुळे किंकाळीला बुडबुडे आले. समोरच्या पडद्यावर साठ फुटी शार्कने उरलेला अर्धा भागही आत घेतला. हेमचंद्रने पाणी बादलीत थुंकलं आणि तोंड पुसलं.

“ओके. सुंदर मेलात,” अनिश म्हणाला.

सिनेमा परदेशी होता आणि गोष्ट सोपी होती. लाखो वर्षांपूर्वी नाहीशी झालेली शार्क समुद्राच्या तळाशी जिवंत आहे, असं शास्त्रज्ञांना वाटतं. ते तिला शोधायला जातात. ती त्यांना आधी शोधते. पुढचं सगळं तिचं जेवण. दादरच्या एका मंगल कार्यालयाच्या तळघरातल्या या स्टुडिओत हे जेवण मराठीत वाढायचं काम चालू होतं. वर लग्न असलं की सनईचा आवाज खाली झिरपायचा, म्हणून मुहूर्ताच्या दिवशी रेकॉर्डिंग बंद. आज मुहूर्त नव्हता. पंचांगानेच तसं सांगितलं होतं, आणि हेमचंद्रला ते सकाळपासून आवडलं नव्हतं.

कारण आज परळला त्याच्या बायकोचं, चंपाचं, हृदयाचं ऑपरेशन होतं.

खरं तर ते गुरुवारी व्हायचं होतं. मग कोणाची तरी तारीख पुढे गेली आणि चंपाची मागे आली. झडप बदलायची होती. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं, की थोडा वेळ हृदय थांबवावं लागतं, तेवढा वेळ मशीन काम करतं, मग हृदय पुन्हा चालू करतात. हेमचंद्रने विचारलं होतं, ते चालू होतंच ना. डॉक्टर म्हणाले होते, बहुतेक वेळा. हा “बहुतेक” तेव्हापासून हेमचंद्रच्या पोटात बसला होता.

सकाळी तो बाहेर बाकड्यावर बसायच्या तयारीने डबा घेऊन गेला होता. स्ट्रेचरवर आडव्या पडलेल्या चंपाने त्याच्याकडे एकदा बघितलं.

“तुमी हय बसान काय करतलात?” ती म्हणाली. “माकाच टेन्शन येता. जावा. तुमची माणसां खोळांबली असतली.”

त्याची माणसं म्हणजे मरणारी माणसं. हेमचंद्र सव्वीस वर्षं दुसऱ्यांसाठी मरत आला होता. हिरोला आवाज द्यायला देखण्या आवाजाची पोरं होती, व्हिलनला दारूने बसलेल्या गळ्याचे लोक होते. मधल्यामध्ये जे पटापट मरतात, ते सगळे घाडींकडे. त्याला वाघाने खाल्लं होतं, भुताने ओढून नेलं होतं, परग्रहावरच्यांनी वितळवलं होतं, एकदा तर लिफ्टने मारलं होतं. सुरुवातीला रियाजाची पंचाईत होती. लालबागच्या चाळीत ओरडलं तर शेजारी जमायचे. म्हणून तो रे रोडला लाकडाच्या वखारींमागे जाऊन ओरडायचा, करवतीच्या आवाजात खपून जायचं. एकदा इतकं छान जमलं की वखारवाल्याने करवत बंद करून सगळ्या कामगारांचे हात मोजले.

घरात मात्र त्याने कधी आवाज चढवला नव्हता, आणि मरणाचा शब्द तर उंबऱ्याच्या आत आणला नव्हता. घरात अभद्र बोललं की वास्तू तथास्तु म्हणते, असं त्याची आई सांगायची, आणि ती बाई दुसऱ्या कशाबद्दल खोटं बोललेली त्याला आठवत नव्हती. चंपाही संध्याकाळी विचारायची ते एवढंच, “आज किती जण?” तो आकडा सांगायचा. ती ताट वाढायची.

धंद्याचं पाप त्याला लागत नव्हतं, कारण त्याने त्याचा नीट विचार केला होता. एक तर किंकाळीला शब्द नसतात. वास्तू तथास्तु म्हणणार तरी कशाला? आणि दुसरं, स्टुडिओच्या भिंतींना फोम लावलेला असतो. म्हणजे तिथली वास्तू बहिरी.

दुपारी मुलीचा, प्राचीचा, मेसेज आला. मशीनवर घेतलंय. हेमचंद्रने तो काचेपलीकडे जाऊन वाचला, कारण आत फोन न्यायची बंदी होती. फोन रेकॉर्डिस्ट शामरावांच्या टेबलावर पडून होता. शामराव आणि तो एकाच वर्षी या धंद्यात आले होते. शामरावांनी मेसेज वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, “होईल रे. चल, एक माणूस उरलाय.”

उरलेला माणूस म्हणजे जहाजाचा म्हातारा कॅप्टन. तो मरत नव्हता. त्याचा आवाज दुसरे एक ज्येष्ठ नट देत होते, त्यांनी सगळा सिनेमा नीट केला आणि शेवटच्या प्रसंगाआधी त्यांचा घसा बसला. राहिला एकच क्लोजअप. कॅप्टनची मुलगी छोट्या पाणबुडीतून शार्कच्या मागे खोल जाते. रेडिओ खरखरतो. मग रेडिओ थांबतो. कॅप्टन वळतो आणि खलाशांना दोन शब्द सांगतो. अनिशला वाटलं, घाडीकाकांचा आवाज जुळेल. सव्वीस वर्षांत हेमचंद्रला पहिल्यांदा जिवंत माणूस मिळाला होता.

त्याने स्टँडवरचा कागद बघितला. तिथे लिहिलं होतं : ती गेली.

“रोल करतोय,” अनिश म्हणाला.

पडद्यावर कॅप्टन वळला. त्याने तोंड उघडलं, मिटलं. हेमचंद्रने उघडलंच नाही.

“काका, लिप गेली. ओठ हलून गेले त्याचे.”

“परत घे,” हेमचंद्र म्हणाला.

परत कॅप्टन वळला. परत हेमचंद्र गप्प. तिसऱ्या वेळी अनिशने सिनेमा थांबवला. कॅप्टन अर्धवट उघड्या तोंडाने पडद्यावर अडकून राहिला.

“काय होतंय?”

“हे मी आज नाय बोलणार,” हेमचंद्र म्हणाला. “तू सांगशील तसा ओरडतो. अख्खं जहाज बुडव, एकट्याने सगळे ओरडून देतो. हे नको.”

अनिशला आधी कळेना. शामरावांनी त्याच्या कानात सांगितलं. अनिश तिशीचा, इंजिनियर होऊन मग सिनेमाकडे वळलेला, आणि शुक्रवारी हा सिनेमा थिएटरात लागायचा होता. संध्याकाळपर्यंत फाइल गेली नाही तर पुढचं काम दुसऱ्या स्टुडिओला जाणार होतं. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, की काका, हवेत दोन आवाज निघतात, त्याचा परळशी काय संबंध. हेमचंद्र म्हणाला, संबंध नसेल. तुझंच बरोबर असेल. पण आत्ता तिचं बंद आहे.

इंजिनियरने घड्याळ बघितलं.

संवाद लिहिणाऱ्या प्रितीला बोलावलं. ती गिरगावची, बाहेर पॅसेजमध्ये बसून वडापाव खात होती. तिला शब्द बदलायला सांगितलं. तिने कॅप्टनच्या ओठांकडे नीट बघितलं आणि पेन चालवलं. “संपलं सगळं” लिहिलं, मग स्वतःच खोडलं. “ती नाही राहिली” लिहिलं आणि हेमचंद्रचा चेहरा बघून कागदच चुरगाळला. “काही तरी चांगलं लिहू का?” तिने विचारलं. “पोचली म्हणून?” अनिश म्हणाला, मग खलाशी का रडतात? प्रिती म्हणाली, आनंदाने.

“सोडा,” अनिश म्हणाला. “शामराव, तुम्ही द्या. वय जुळतं.”

“देतो की,” शामराव म्हणाले. ते उठले, पँट वर केली आणि परत बसले. “फक्त आमची बायको सुनेबरोबर पनवेलवरून येतेय. पोचल्याचा फोन आला की देतो.”

“तुमचा पण विश्वास आहे?”

“बिलकुल नाही. पण घाट आहे मध्ये.”

पनवेल ते दादर घाट लागत नाही, हे कोणीच बोललं नाही. अनिशने प्रितीकडे बघितलं. तिचा आवाज जाड करून वापरता आला असता.

“माझी मांजर दोन दिवस काही खात नाहीये,” प्रिती म्हणाली.

“मांजर?”

“सर, ती आहे ना ती.”

मग अनिश स्वतः उठला. त्याने हेमचंद्रला बाजूला केलं, हेडफोन चढवले आणि माइकसमोर पाय फाकवून उभा राहिला. अंधश्रद्धेविरुद्ध उभे राहतात तसा. पडद्यावर कॅप्टन वळला. अनिशने श्वास घेतला. कॅप्टनने तोंड उघडलं, मिटलं, खलाशी रडायला लागले, शेवटची नावं वर सरकायला लागली. अनिशने हेडफोन काढले.

“आई नाशिकला एकटी असते,” तो म्हणाला. “तसं काही नाही. पण उगाच कशाला.”

हजारो लोक ज्याला घाबरायला तिकीट काढणार होते तो प्राणी बाजूला पडला होता, आणि चार माणसं दोन शब्दांना घाबरून तळघरात उभी होती. फोन वाजत नव्हता. हृदय बंद ठेवायचा थोडा वेळ म्हणजे किती, हे डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं होतं, आणि आता हेमचंद्रला वाटायला लागलं की थोडा वेळ कधीच होऊन गेला.

त्याने अनिशकडे एकच मागितलं. तो क्लोजअप नको, त्याच्या आधीचं दाखव. शार्क शेवटची दिसते ते.

अनिशने मागे नेलं. काळं पाणी. पाणबुडीचा दिवा विझलेला. त्या काळोखातून ती शार्क हळूहळू खाली जात होती. पाठीत भाला रुतलेला, मागून रक्ताचा धूर. हेमचंद्रने आयुष्यभर रविवारी मोरीचं मटण खाल्लं होतं. मोरी म्हणजे शार्कच, टोपलीत मावणारी. त्याने कधी तिच्या बाजूने विचार केला नव्हता. आता त्याच्या डोक्यात आलं, की ही तिच्या जातीतली शेवटची. लाखो वर्षं खाली काळोखात. हिच्यासाठी बाहेर बाकड्यावर कोणी बसलेलं नाही. हिचं नाव घेऊन कोणी मेसेज करत नाही. हिचं काही झालं तर निदान कोणी तरी बोलायला हवं.

“आता लाव,” तो म्हणाला. “एकदाच देईन.”

तिघे काचेपलीकडे गेले. दार बंद झालं. पडद्यावर शार्क काळोखात दिसेनाशी झाली आणि कॅप्टन वळला. हेमचंद्रने डोळे पडद्यावरून काढले नाहीत. ज्या माणसाने सव्वीस वर्षांत कुजबुजून पैसे घेतले नव्हते, तो जेमतेम ऐकू येईल इतकं बोलला.

“ती गेली.”

मग शामरावांच्या टेबलावर फोनचा उजेड पडला.

शामरावांनी तो कानाला लावला. काचेतून आवाज येत नव्हता. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, आणि हेमचंद्रचं पोट आयुष्यभर ओठ वाचण्यावर भरलं होतं. दुसऱ्याच्या ओठांवरून पुढचा शब्द त्याला कळायचाच. त्याने काचेकडे पाठ केली. भिंतीच्या फोमवर त्रिकोण त्रिकोण होते. त्यातल्या एका त्रिकोणाकडे तो बघत राहिला. तिथे कुणाच्या तरी जुन्या पानाचा डाग होता. आपण आत्ता काय केलं, हे त्याला एकदम सगळं मिळून कळलं.

हेडफोनमध्ये खट झालं.

“हेमू,” शामराव म्हणाले. “चालू झालं. प्राची बोलतेय, स्वतःचं स्वतः चालतंय म्हणे. ऐकतोयस ना? हेमू?”

हेमचंद्रने पाठमोऱ्यानेच हात वर केला.

जरा वेळाने अनिशने घसा साफ केला. टेक फारच चांगला होता, त्याने सांगितलं, पण शेवटी थोडा हलला असावा, तर सेफ्टीसाठी अजून एक घेऊया का. हेमचंद्रने हेडफोन काढून स्टँडला नीट अडकवले, फुलपात्र विसळून पालथं घातलं आणि दार उघडून फोन मागितला. प्रितीने अनिशसमोरच मांजरीचं विचारायला घरी फोन लावला.

चंपाच्या तोंडातली नळी दुसऱ्या दिवशी दुपारी काढली. एकालाच आत सोडत होते. हेमचंद्र हिरवा झगा घालून, पायात कोणाच्या तरी मापाच्या चपला सरकवून आत गेला. इतकी यंत्रं होती की त्यात बायको शोधावी लागली. ती पिवळी दिसत होती. ओठांना पापुद्रे आले होते.

तिने डोळे उघडले. बराच वेळ त्याच्याकडे बघितलं, जसं काही हा कोण ते आठवतंय.

“पाणी,” ती म्हणाली. आवाज असा की हेमचंद्रला तो तिचा वाटला नाही.

नर्स म्हणाली, पाणी द्यायचं नाही अजून. तिने त्याच्या हातात एक वाटी दिली आणि कापसाचा बोळा. “फक्त ओठ ओले करा. टिपून, बस.”

हेमचंद्रच्या हातात वाटी होती आणि बोळा होता. ओठाला असा बोळा त्याने दोनदाच लावला होता, एकदा वडिलांच्या आणि एकदा आईच्या. दोन्ही वेळा घरभर माणसं जमलेली होती, आणि कोणी तरी मागून तुळशीचं पान पुढे केलं होतं. त्याने नर्सकडे बघितलं. ती पुढच्या खाटेकडे गेली होती. त्याने बोळा बुडवला, आणि बुडवूनच ठेवला.

“देवा,” चंपा म्हणाली. देवाला नाही, त्याला. तिच्या गावच्या बोलीत ‘द्या’ला ‘देवा’ म्हणतात; तेवढीच ताकद होती.

त्याने बोळा वाटीच्या काठावर पिळला, खाली वाकला आणि तिच्या ओठांवरून अलगद फिरवला. एक थेंब हनुवटीवरून मानेकडे निघाला. चंपाच्या कपाळाला आठी पडली.

“गळता,” ती म्हणाली.

त्याने झग्याच्या बाहीने तो थेंब टिपला आणि बोळा परत वाटीत बुडवला.