उचलू नको गो

“मायनस म्हणजे कमी ना, डॉक्टर? मंग बरंच झालं की!” सगुणाबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

त्यांचं तरी काय चुकलं? घरात आजवर जे जे रिपोर्ट आले, त्यांत कमी ते चांगलं हाच शिरस्ता होता. नवऱ्याची, गोविंदरावांची शुगर कमी आली की त्या आनंदात शिरा व्हायचा. आता लेकीच्या हाडांच्या घनतेचा आकडा तर शून्याच्याही खाली, मायनस दोन पॉइंट एक. म्हणजे पोरगी वर्गात पहिलीच आली असणार!

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “काकू, हाडं कमी आहेत. हिचं वय सव्वीस आणि हाडं साठीच्या बाईची.”

कल्पिता प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसली होती. हात मोडायला तिने काही पराक्रम गाजवला नव्हता. वर्तकनगरातल्या एका शाळेच्या ऑफिसात ती क्लार्क. दाखल्यांचं रजिस्टर घेऊन उठली, उंबऱ्याला अडखळली, हात टेकला आणि मनगट कटकन मोडलं. रजिस्टरला खरचटलंही नाही. मुख्याध्यापिका कौतुकानं तिला ‘हाडाची क्लार्क’ म्हणायच्या. त्या दिवसापासून बिचाऱ्यांनी ते म्हणणं सोडून दिलं.

“बाकीच्या तपासण्या ठीक आहेत,” डॉक्टर म्हणाले. “गोळ्या देतो. ऊन घ्या, पोटभर जेवा. पण मुख्य औषध म्हणजे वजन. हात बरा झाला की कुणाकडून तरी नीट शिकून वजन उचलायला लागायचं. हाडांवर जोर पडला की हाडं घट्ट होतात. आणि मग हळूहळू वजन वाढवत न्यायचं.”

एवढ्या उपदेशातलं सगुणाबाईंनी नेमकं शेवटचं वाक्य तेवढं घेतलं. संध्याकाळी घरात डिंक आला, खारीक आली, तुपाचा डबा आला. सकाळी लाडू, दुपारी लाडू, जेवणात सुकट, आणि झोपताना दूध. दोन महिन्यांत एक्केचाळीस किलोची कल्पिता सेहेचाळीसची झाली. डॉक्टर खूश होऊन म्हणाले, “अर्धं काम झालं.” सगुणाबाईंना वाटलं, पूर्ण झालं.

उरलेलं अर्धं त्यांच्या कानात शिरणं शक्यच नव्हतं. कल्पिता सातव्या महिन्यात जन्मलेली, कापसात गुंडाळून वाढवलेली. तिला बोलता यायच्या आधीपासून घरात एकच मंत्र चालू होता: “उचलू नको गो!” दप्तर बापानं न्यायचं. पाण्याची कळशी नको, गव्हाचा डबा नको, शेजारच्या सरोजकाकूंचं नातवंडसुद्धा नको. “उचलू नको गो, बेंबी सरकंल.” कल्पिताची बेंबी सव्वीस वर्षं एका जागी गप्प बसलेली होती, पण आईपुढे बोलणार कोण? आपण या घरातलं माणूस नसून लोणच्याची काचेची बरणी आहोत, असं वाटून तिला कधी कधी रडू यायचं.

म्हणून हात बरा झाल्यावर तिने आयुष्यातलं पहिलं धडधडीत खोटं सांगितलं. “आई, मी सकाळी योगाला जाते.” योगाला आईची हरकत नव्हती. त्यात माणूस स्वतःलाच काय ते उचलतं.

मिठाईच्या दुकानावर एक जिम होती, तिथे सकाळी बायकांची बॅच असे. शिकवणारी मेघना कल्याणची, कल्पिताच्याच वयाची, अंगानं सडसडीत आणि आवाजानं कंडक्टर. पहिल्या दिवशी तिने कल्पिताच्या हातात झाडूची दांडी दिली.

“मी काय झाडायला आलेय?”

“आधी ही तर उचल नीट. बघ, पाठ वाकली. परत! हाताने नाय ओढायचं गं. टाचा रोव, पाठ सरळ, आणि पायांनी जमिनीला खाली ढकल. जमीन कुठे जात नाय, मग तूच वर येतेस.”

महिनाभर दांडी चालली. मग लोखंडी सळई आली, मग सळईला चकत्या लागल्या. ज्या दिवशी तीस किलो उचलले, त्या दिवशी तिने शाळेत जाऊन रजिस्टरांचा अख्खा गठ्ठा कपाटावरून खाली घेतला. शिपाई शिवराम धावत आला. “ओ मॅडम, द्या इकडे! परत हात मोडून घ्याल!”

“राहू द्या हो शिवराम,” ती म्हणाली, आणि त्या ‘राहू द्या’च्या आनंदात दिवसभर कुणाचा दाखला अडवला नाही.

पण खालच्या दुकानात मिठाई घ्यायला जाणाऱ्या सरोजकाकूंचे कान तीक्ष्ण. “सगुणा, तुझी कल्पिता योगाला जाते ते ठीक. पण त्या योगातून लोखंडाचा आवाज कसा काय गं येतो?”

दुसऱ्या दिवशी कल्पिता पस्तीस किलो घेऊन गुडघ्यांच्या वर आली आणि समोर दारात आई! हातात कोथिंबिरीची पिशवी, डोळे कपाळात.

“ठेव! ठेव आधी खाली! जल्ला तो लोखंड! पोरीला मारता काय गो?”

कल्पिताच्या हातून सळई धाडकन सुटली. खालच्या दुकानातून कुणीतरी ओरडलं. मेघना शांतपणे म्हणाली, “काकू, नमस्कार. फॉर्म भरता का? तुमच्या वयात तर जास्तच गरज असते.” सगुणाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने तो फॉर्म पाठीमागे लपवला.

त्यानंतर घरात अबोला. कल्पिता सकाळी जात राहिली, सगुणाबाई बोलेनात. लाडू मात्र न चुकता ताटलीत. गोविंदरावांना कमरेच्या दुखण्यानं पट्टा लागलेला. ते कॉटवरून दोघींनाही सांगायचे, “तुझंच बरोबर आहे.”

असे महिने गेले आणि बिल्डिंग रिकामी करायची तारीख आली. जुनी इमारत पाडून टॉवर होणार होता. तोवर भाड्यानं डोंबिवली. टेम्पोवाला धनेश दोन माणसं घेऊन आला. लिफ्ट नव्हतीच, दुसऱ्या मजल्यावरून कपाटं गेली, भांडी गेली, गोविंदरावांची कॉट गेली. शेवटी ओट्याखाली वरवंट्यासकट उरला पाटा. सगुणाबाईंच्या लग्नात आंबिवलीच्या माहेरून आलेला काळा दगड, असेल पंचवीस-तीस किलोचा. मिक्सर आल्यापासून तो नुसता पडून होता. पण नात्यात कुणाकडे बाळाची पाचवी असली की पूजेला त्यालाच मान.

धनेश आणि त्याच्या दोघा माणसांनी मिळून तो ओट्याखालच्या अडचणीतून कसाबसा बाहेर ओढला. मग धनेशने बुटाची नाडी बांधायला पाय उचलला आणि आरामात पाट्यावर ठेवला.

“आरं मेल्या! पाय? पाट्यावर पाय? सटवाई पुजतात त्याच्यावर!”

धनेशने दचकून पाय मागे घेतला. “सॉरी काकी. उतरवतो ना आम्ही, टेन्शन नका घेऊ.”

“हात लावू नको! व्हा खाली तिघं पन!”

तिघं खाली गेले. गोविंदराव पट्टा सावरत पुढे आले आणि पट्टा सावरतच मागे गेले. मग सगुणाबाईंनी पदर खोचला आणि कमरेतून वाकून दगडाला हात घातला.

“पाठ!” कल्पिता मेघनाच्या आवाजात ओरडली. “आई, तू नको उचलू!”

त्या घरात हे वाक्य पहिल्यांदाच उलट्या बाजूनं आलं होतं. सगुणाबाई तिथेच खाली बसल्या. पाट्यावर हात फिरवत राहिल्या.

“ह्योच गो,” त्या म्हणाल्या. “तुझ्या वेळी मना सातवा लागलेला. गणपती जवळ आलेले, ओट्याखाली झाडायचं म्हणून ह्योच पाटा एकटीनं उचलला. संध्याकाळी कळा. दोन किलोची पन नवतीस तू. सासू बोलली, उचललास म्हणून झालं. तुझा हात मोडला तवा पन मना तेच वाटलं. मीच मोडला.”

 इतकी वर्षं कल्पिताला वाटायचं, आईचा माझ्यावर भरवसा नाही.

“डॉक्टरांना कधी विचारलं नाहीस?”

“कसं विचारू? आनि तो हो बोलला असता तर?”

कल्पिता आईला चिकटून बसली.  थोड्या वेळानं ती उठली, पाट्यापुढे उभी राहिली.

“आज मी उचलते. बघूया कुणाची बेंबी सरकते. पण तू सांगितलंस तरच.”

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. सगुणाबाईंनी लेकीकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, डोळे गच्च मिटले.

“उचल गो.”

कल्पिताने दगडाखाली बोटं सरकवली. टाचा रोवल्या, पाठ सरळ, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्या जुन्या जमिनीला तिने पायांनी खाली ढकललं. पाटा वर आला. मागे ओट्याखाली त्याच्या जागेचा पांढुरका चौकोन तेवढा उरला.

दारात सरोजकाकू. “अगंबाई! सगुणा, पोरीला काय उचलायला लावतेस?”

“हाडापेरानं मजबूत हाय माझी पोर,” मागून सगुणाबाई म्हणाल्या. “वाट सोड.”

मधल्या वळणावर कल्पिताने कठड्यावर पाटा टेकवला, दम घेतला आणि मागे वळून पाहिलं. आई दोन पायऱ्या वर उभी होती. वरवंटा तिने पदरात गुंडाळून खांद्याशी धरला होता आणि हलक्या हाताने त्याला थोपटत होती.

“आई, दगड आहे तो.”

“ठाव हाय मना,” सगुणाबाई म्हणाल्या, पण हात थांबला नाही.