बटणाएवढी जखम

"गेल्या महिन्यात किती वेळा वाटलं, की सगळं हाताबाहेर चाललंय?" संशोधक मुलीने कागदावरचा प्रश्न वाचला.

"कधीच नाही." शिवणकाम करणारी ताई खुर्चीत टेकली. "असं वाटायलाही वेळ लागतो गं."

मुलगी हसली. "तोंडाने सगळे ठीकच सांगतात, ताई. म्हणून तर ही जखम."

मागच्या महिन्यात ताईच्या हाताचा आतला भाग बधिर करून संशोधकांनी बटणाएवढी कातडी काढली होती. घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्यांची जखम भरायला इतरांपेक्षा किती जास्त वेळ लागतो, ते त्यांना मोजायचं होतं. सततच्या ताणाने शरीरही कामचुकारपणा करतं म्हणे. ताईला त्यात नवल वाटलं नाही.

मुलीने पट्टी उचकटली, फोटो काढला, माप घेतलं. "इतरांच्या केव्हाच भरल्या. तुमची पुढच्या वेळेपर्यंत भरेल."

ताईचा चेहरा उतरला.

तिचे वडील जन्मभर सायकली दुरुस्त करत होते. आता त्यांना स्वतःची मुलगीही ओळखू येत नव्हती. तिने भरवायचं, धुवायचं, चादरी बदलायच्या, आणि त्यांनी तिला 'अहो बाई' म्हणायचं. एकदाचं संपावं हे, असं तिच्या मनात येई आणि मग तिला स्वतःचीच किळस वाटे. पण हाताला पट्टी लागली त्या संध्याकाळी त्यांनी घास अर्धा ठेवून तिचा हात ओढला होता.

"पोरी, काय लागलं गं? पंक्चर झालं की काय?" ट्यूबवरचं ठिगळ दाबावं तशी त्यांनी पट्टीची कड अंगठ्याने गोल दाबत नेली. "कडा नीट बसल्या पाहिजेत, नाहीतर हवा जाते. दुखतंय का?"

"नाही, बाबा."

तेव्हापासून हे रोज, आणि रोज नव्याने. तेवढा वेळ तिला वडील असत.

दोनदा तिने खपलीला नख लावलं होतं. पण शिवणकामाच्या इतक्या वर्षांत तिच्या हातून कुणाला चुकीचं माप गेलं नव्हतं. तिने नख काढून घेतलं.

पुढच्या वेळी मुलगी खूश झाली. "भरली, ताई! आता पट्टी नको, यायलाही नको."

त्या संध्याकाळी वडिलांनी तिच्या मोकळ्या हाताकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "अहो बाई, अंधार पडला. तुमच्या घरचे वाट बघत असतील."

ती उठली. शिलाई मशीनच्या खणात दोऱ्यांच्या रिळांमागे एक पट्टी उरली होती. धडधाकट कातडीवर ती चिकटवून ताई परत त्यांच्यासमोर बसली आणि घास पुढे केला.

"पोरी, काय लागलं गं?" अंगठा कडेवरून फिरू लागला. "दुखतंय का?"

"हो, बाबा," ती म्हणाली. "खूप दुखतंय."

त्यांनी मान हलवली आणि कडा दाबत राहिले. ताटातलं जेवण निवून गेलं.