'सुविधा' नावाचा कोड

पडद्यावरचा 'सुविधा' हा शब्द बघितला आणि क्षितिजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भला मोठा, हिरवागार, जत्रेतल्या फुग्यासारखा फुगवलेला. राहनाळच्या गोदामांत माल भरणाऱ्या बायकांच्या बोलण्यात हाच विषय सगळ्यात जास्त येतो, असं प्रकल्पप्रमुख देवेश गोदाममालकांना सांगत होता, आणि मालक खुशीत माना डोलावत होते.

सुविधा म्हणे! मुलाखती घेतल्या क्षितिजानं. पायपीट तिची, रेकॉर्डिंग ऐकून उतरवून काढणं तिचं. मग सॉफ्टवेअरमध्ये एकेका वाक्याला विषयाचं लेबल लावायचं, त्याला कोड म्हणतात. तेही तिनंच लावले. सगळ्यात जास्त वाक्यं होती 'कुलूपबंद संडास' या कोडखाली. संडास आहे, छान टाइल्सचा आहे, फक्त तो पाहुण्यांसाठी. पाड्यावरून कामाला येणारी चंद्रा म्हणूनच शिफ्टभर पाण्याचा घोट घेत नव्हती. लघवीला जळजळ होऊन तापानं दोनदा आडवी पडली होती. तिचं मागणं एवढंच, की ताई, कुलूप तेवढं निघू दे.

आणि हा आयत्या बिळावरचा नागोबा! क्षितिजानं जवळ जाऊन विचारलं, माझा कोड कुठं गेला? देवेश हळूच म्हणाला, 'सुविधा'त मिसळलाय, विषय एकच आहे. शिवाय अभ्यासाचा खर्च मालक देतायत, जरा समजून घे. समजून काय घ्यायचं, डोंबल!

पहिल्या रांगेत तिचे सख्खे काका बसले होते, बाळारामशेट. चंद्राचं गोदाम त्यांचंच. चंद्रा पार मागच्या रांगेत, समोरच्या चहाला हात न लावता.

कुणाला काही विचारायचंय का, असं देवेशनं म्हणायला आणि क्षितिजानं लॅपटॉप स्वतःकडे ओढायला एकच गाठ पडली. सॉफ्टवेअर बिचारं खोटं बोलत नाही, बोलतो तो माणूस. कोड कितीही मिसळा, बायकांची वाक्यं त्याच्या पोटात जशीच्या तशी राहतात. तिनं 'सुविधा'वर क्लिक केलं आणि ती वाक्यं भराभर पडद्यावर आली. संडासाला कुलूप हाय. चावी शेटकडं हाय. गाड्यांच्या मागं जावं लागतं, डायवर बघतात. नाव एकीचंही नाही, पण वाक्यं काही संपेनात.

काका लालबुंद झाले.

"कोन बोलली ही? नाव सांग."

"नाव न्हाय सांगनार, काका. कुलूप कोनाचं हाय, ते तुमी सांगा."

काकांचा हात नकळत खिशाकडे गेला आणि किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला. तो आवाज सगळ्यांना ऐकू आला.

चंद्रा उठली. खुर्च्यांमधून वाट काढत पुढं आली आणि तिनं शेटसमोर हात पसरला.

"मी बोलली," ती म्हणाली. "चावी द्या."