कमी आवाजाची

पहिली इलेक्ट्रिक गिटार कोण कशासाठी घेतं, ते मला विचारा. सव्वीस वर्षं मी गिटारी दुरुस्त करतोय. दुकानाच्या भिंतीवर पाच-सात जुन्या गिटारी विकायलाही टांगलेल्या असतात. गिऱ्हाईकाने एखादीकडे बोट दाखवलं की मी हातातलं काम ठेवतो आणि विचारतो, "हीच का?" उत्तर मिळाल्याशिवाय गिटार खाली उतरत नाही, हा माझ्या दुकानाचा नियम. लोक आधी काहीतरी थापा मारतात. एक दातांचे डॉक्टर म्हणाले, लाकूड चांगलं वाटतंय. म्हटलं, डॉक्टर, लाकडाचं माझ्यावर सोडा, खरं काय ते बोला. तेव्हा म्हणाले, बायको सोडून गेली, तिला पांढरा रंग अजिबात चालायचा नाही. हं, याला म्हणतात कारण. एका ट्रकवाल्याने सगळ्यात हलकी मागितली, कंबर कामातून गेली होती. एक बाई शिंगांसारखी टोकं असलेली काळी घेऊन गेल्या. का, तर सासूबाईंना बघूनच धडकी भरावी.

अख्ख्या जगाला विचारलं मी. पोटच्या पोरीला तेवढं विचारलं नाही.

आधी पोराचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. थोरला, त्याला आम्ही गुंड्या म्हणायचो. बाविसाव्या वर्षी गेला. बँडच्या तालमीहून स्कूटरवर घरी येत होता, वळणावर ट्रकने उडवलं. पाठीवर त्याची लाल गिटार होती, तिला ओरखडासुद्धा आला नाही. मला त्या गिटारीचा आजही संताप येतो. तेरावा दिवस झाला आणि माझी बायको म्हणाली, "ती वस्तू मला घरात दिसता कामा नये." मी ती दुकानात नेऊन टांगली. त्याच आठवड्यात एक हसतमुख माणूस आला. मी सवयीने विचारलं, "हीच का?" तो म्हणाला, "रंग मस्त आहे." काढून दिली. तो गेल्यावर शटर अर्धं ओढून आत बसून राहिलो.

त्यानंतर तीन वर्षं आमच्या घरात आवाज नावाची गोष्ट उरली नाही. दोन खोल्या, दुसरा मजला. बायको एका कारखान्यासाठी शर्टांच्या कॉलरी शिवते. तिने मशिनखाली जुनं ब्लँकेट घातलं, मशिनचा दणका नको म्हणून. रेडिओ माळ्यावर गेला. दारावरची घंटा तिने स्वतः स्क्रू काढून उतरवली. रस्त्यात कुणी शीळ घातली तरी खिडकी लावून घ्यायची. बोलणं कामापुरतं, जेवण दोन घासांपुरतं. मीही घरात चोरासारखा चालायला शिकलो. माझं तोंड किती चालतं ते बाहेर कुणालाही विचारा, पण घराच्या पायऱ्या चढताना मी ते मिटून घ्यायचो.

धाकटी चिमी आता एकोणीस वर्षांची आहे. औषधाच्या दुकानात काम करते. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, "बाबा, मला गिटार हवीय. माझ्या पगारातून घेणार. आईला सांगायचं नाही."

आईला कळलं तर काय, हे आधी मनात आलं, आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला.

तिने भिंतीवरची एकेक गिटार उतरवली. वायर नाही, काही नाही. गिटारीच्या अंगाला कान लावायचा, एक तार छेडायची, पुढची घ्यायची. कलिंगड वाजवून बघतात तसं चाललं होतं. शेवटी तिने जी उचलली, ती तपकिरी, सगळ्यात जड, सगळ्यात कुरूप. दोन वर्षं तिला कुणी हात लावला नव्हता.

"ही?" मी म्हणालो. "अगं, हे दार आहे, तारा लावलेलं."

ती जराशी हसली. "हीच."

आणि मी पुढे विचारलं नाही. पोर काटकसरी आहे, स्वस्तातली घेतली, एवढं मनाशी ठरवून मोकळा झालो. बापाला वाटतं आपल्याला सगळं ठाऊक असतं.

गिटार तिच्या कॉटखाली गेली. सुट्टीच्या दुपारी ती आतल्या खोलीत वाजवायची आणि बाहेर हिची शिलाई चालू असायची. इलेक्ट्रिक गिटार अँपला, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या खोक्याला, जोडली नाही तर तिचा आवाज तो काय असणार. मी दाराशी उभा राहिलो तरी मला नुसती टिकटिक ऐकू यायची.

दोनेक महिन्यांनी तार तुटली म्हणून चिमीने गिटार माझ्याकडे दिली. टेबलावर घेतली तर तारांच्या खाली, खालच्या टोकाला, स्पंजची एक पट्टी खोचलेली. नवी गिटार कारखान्यातून येते तेव्हा कधीकधी असा स्पंज तारांखाली असतो, घासू नये म्हणून. शिकाऊ लोक तो काढतच नाहीत आणि मग माझ्याकडे येतात, गिटार मुकी निघाली म्हणून. असल्या निदान वीस जणांची मी खेचली असेल. म्हटलं, घ्या, माझीच पोरगी एकविसावी. उपटला आणि टाकला केराच्या डब्यात.

आता सांगा, जी गिटार दोन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर भिंतीवर होती, तिच्यात कारखान्यातला स्पंज येणार कुठून? पट्टी कात्रीने सरळ कापलेली होती, नीट दुमडलेली. सव्वीस वर्षांच्या कारागिराला एवढं दिसू नये? नाही दिसलं. मी त्या दिवशी फार खुशीत होतो. नव्या तारा घातल्या, मान सरळ केली, आतलं एकेक कनेक्शन पुन्हा झाळलं. गुंड्यानंतर इतका जीव ओतून मी कुणाचंच काम केलं नव्हतं.

दर गुरुवारी ही कॉलरींचं गाठोडं कारखान्यात पोचवायला जाते, दोन तास तरी येत नाही. त्या गुरुवारी चिमीला सुट्टी होती. मी दुकान बंद केलं आणि गिटारीबरोबर एक छोटा अँप उचलून घरी गेलो.

चिमीने आधी तारांखाली बोट घातलं. "बाबा, स्पंज कुठाय?"

"फेकला. दोन महिने तशीच वाजवत होतीस, येडे."

तिने गिटार मांडीवर घेतली. मी वायर जोडायला लागलो तशी म्हणाली, "नको, बाबा."

"अगं, आई नाहीये घरात. एकदाच वाजव. मला ऐकायचंय."

खरं तेवढंच होतं. मला ऐकायचं होतं.

तिने वाजवलं. पहिल्या ओळीलाच मी ओळखलं. ते गुंड्याचं होतं, त्याने स्वतः बसवलेलं. चौथ्या ओळीत त्याची करंगळी कायम तोकडी पडायची, भलत्याच तारेवर घसरायची, आणि हा पठ्ठ्या न थांबता तसाच पुढे. हजारदा सांगितलं होतं त्याला. चिमी चौथ्या ओळीवर आली आणि घसरली. तिथेच, तेवढीच. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून शिकली होती पोर, आणि ती चूकही त्यातलीच आहे असं समजून तिने ती बसवली होती.

तेवढ्यात दार उघडलं. ही चष्मा विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आली होती. गुडघे दुखतात म्हणून एरवी कठड्याला धरून चढणारी बाई दोन मजले धावत आली होती. गाठोडं जिन्यातच टाकलेलं. तिचा असा चेहरा मी तीन वर्षांत बघितला नव्हता.

"आलास?" ती म्हणाली.

मग तिला चिमी दिसली. मला वाटलं, आता ही रडेल, किंवा गिटार उचलून आपटेल. तिने यातलं काहीही केलं नाही. ती येऊन अँपशेजारी जमिनीवर बसली, त्याच्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "थांबलास का रे? वाजव ना."

तेव्हापासून ही जेवते. शेजारणीशी बोलते. घंटा परत दारावर लागली. माझी बहीण फोनवर म्हणाली, "वहिनी माणसात आल्या, बरं झालं बाई." हिला दाखवलं ते डॉक्टर म्हणाले, सध्या चालू द्या. रोज साडेपाचला चिमी कामावरून येते, तिने हातपाय धुवायच्या आत अँपचा दिवा लागलेला असतो. "गुंड्या, बस." चिमी बसते, वाजवते, आणि ही ताट घेऊन समोर जेवते. कधी तिने दुसरं काही काढलं तर ही म्हणते, "हे कुठलं? हे तुझं नाही."

महिन्याभरात चिमीची बोटं तयार झाली आणि एक दिवस चौथी ओळ बरोबर वाजली. हिने तिच्याकडे असं बघितलं, जसं कुणी परकं माणूस घरात शिरलंय. ताट सरकवून उठली. दोन दिवस पाण्याखेरीज काही घेतलं नाही. तिसऱ्या दिवसापासून चिमी ती चूक मुद्दाम करते. बरोबर वाजवणाऱ्या हाताने रोज तीच चूक करायची, हे किती अवघड असतं ते माझ्यासारख्याला कळतं. आणि मी ते रोज ऐकतो.

गेल्या आठवड्यात ती जेवणाच्या सुट्टीत दुकानात आली, स्टुलावर बसून राहिली. तेव्हा मी विचारलं. आठ महिने उशिरा.

"चिमे, हीच का घेतली होतीस?"

"हिचा आवाज सगळ्यात कमी होता," ती म्हणाली. "स्पंज घातला की हनुवटी टेकवल्याशिवाय मलासुद्धा ऐकू यायचं नाही. आईला त्रास नको आणि दादाचं तर विसरायला नको, असं होतं ते. मग मधेमधे माझंही काहीतरी सुचायला लागलं होतं."

"आता सुचतं?"

"नाही." मग म्हणाली, "तसला स्पंज आहे तुमच्याकडे?"

मी पट्टी कापून दिली. वाकडी कापली गेली.

त्या दिवशी साडेपाचला चिमीने पट्टी तारांखाली खोचली, वायर लावली नाही, कॉटवर बसून गिटारीवर हनुवटी टेकवली आणि डोळे मिटले. ही ताट घेऊन दारात बसली होती. थोडा वेळ वाट बघून म्हणाली, "गुंड्या, आवाज येत नाही रे."

चिमीने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. बोलायला हवं होतं मी. ही चिमी आहे, गुंड्या गेला, एवढी दोन वाक्यं. मी हिच्या ताटाकडे बघत राहिलो, ते अजून भरलेलं होतं.

चिमी उठली. तारांखालची पट्टी ओढून काढली, माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली आणि वायर जोडली. चौथ्या ओळीवर ती जिथे घसरायला हवी तिथेच घसरली, आणि हिने पहिला घास घेतला.